फुगडीत धाप लागते, तरी थांबवत नाही

श्रावण जवळ आला की सोसायटीच्या हॉलमध्ये, देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या तरी गच्चीवर मंगळागौरीच्या खेळांच्या तालमी सुरू होतात. ऑफिस, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास उरकून आलेल्या बायका रात्री साडेनऊला तिथे जमतात आणि तासभर अक्षरशः उड्या मारतात. फुगडी जरा जवळून पाहा. दोघी समोरासमोर, हातांची अढी घातलेली, पावलं पावलांना भिडलेली, अंगाचा भार मागे झोकलेला. एकीची पकड सुटली तर दोघीही पडणार, म्हणून हात घट्ट धरलेले. बाकीच्या टाळ्यांचा ठेका देतात, तोंडाने पकवा चालू असतो आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात दोघींच्या छातीचा भाता होतो. मग दोघी बाजूला होतात, घोटभर पाणी पितात आणि पुढच्या गाण्याला पुन्हा रिंगणात हजर.

यातल्याच कितीतरी जणींनी जिमची वर्षाची फी भरून दुसऱ्या महिन्यात तिकडची वाट सोडलेली असते. धाप तीच, घामही तोच. मग इथे थांबवत नाही आणि तिथे जाववत नाही, असं का?

व्यायामाच्या विज्ञानाने हा प्रश्न फार उशिरा विचारला. लंडनच्या दुमजली बसमध्ये सतत जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं. पुढची कित्येक दशकं संशोधकांचा भर 'व्यायामाने काय काय फायदा होतो' यावरच राहिला. फायदे कळले की लोक आपण होऊन हलायला लागतील, असं गृहीत धरलेलं होतं. लोक काही हलले नाहीत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष आवश्यक तेवढी शारीरिक हालचाल करत नाहीत. व्यायाम हृदयाला चांगला, हे या ५७ टक्क्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे?

गेल्या दोन-अडीच दशकांत काही मंडळींनी वेगळी वाट धरली. व्यायाम झाल्यावर कसं वाटलं हे न विचारता तो चालू असतानाच, दर काही मिनिटांनी, आत्ता कसं वाटतंय हे त्यांनी विचारलं. त्यासाठी एक साधी पट्टी आहे, उणे ५ ते अधिक ५. पँटेलिमॉन एक्केकाकिस या व्यायाम-मानसशास्त्रज्ञांच्या कामातून असं चित्र दिसलं की सावकाश चालताना बहुतेकांना बरं वाटतं. वेग वाढत जातो तशी एक पायरी येते, जिथे स्नायूंत लॅक्टेट साठू लागतं आणि श्वास एकदम जोरात चालू लागतो. ही पायरी ओलांडली की जवळजवळ प्रत्येकाचा आकडा खाली घसरतो. हा शरीराचाच इशारा असतो की आता हे फार वेळ झेपणार नाही. मनाचा निश्चय कितीही पक्का असला तरी इशारा काही बंद होत नाही.

आणि हा आकडा पुढचं भाकीत करतो. ब्राउन विद्यापीठाचे डेव्हिड विल्यम्स यांनी २००८ साली बैठी जीवनशैली असलेल्या काही लोकांना मध्यम वेगाने चालायला लावून त्यांचे आकडे घेतले. ज्यांना त्या चालण्यात अधिक बरं वाटलं होतं, ते सहा महिन्यांनी आणि वर्षानंतरही अधिक व्यायाम करत होते. अभ्यास छोटा होता, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. दहा वर्षांनी टळणारा हृदयविकार उद्या सकाळी कुणाला अंथरुणातून उठवत नाही. काल चालताना कसं वाटलं होतं, ही आठवण उठवते किंवा झोपवते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईची अडचण अशी की तिची ही पायरी फार लवकर येते. मुरलेल्या धावपटूला जे रमतगमत जाणं वाटतं, त्यात हिचा जीव मेटाकुटीला येतो. महाराष्ट्रात त्यात आणखी एक भर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना पोहोचणारा प्राणवायू कमी आणि धाप लवकर. दोन जिन्यांत दम लागणाऱ्या बाईला आपण 'स्टॅमिना नाही' म्हणून मोकळे होतो, तीही स्वतःला आळशी समजते. गरज असते ती रक्ततपासणीची. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टरांकडे जावं, बुटांच्या दुकानात नंतर.

पायरी ओळखायला घड्याळ-बिड्याळ लागत नाही. गप्पा मारता येतात, पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर तो जोराचा. पहिले दोन-तीन महिने गप्पांच्या टप्प्यातच राहावं, आणि 'अजून दहा, अजून दहा' म्हणून मागे लागणाऱ्या ट्रेनरला खुशाल नाही म्हणावं. जोराचा भाग करायचाच असेल तर तो आधी उरकून शेवटाकडे वेग उतरवत न्यावा. २०१६ च्या एका प्रयोगात असा उतरता व्यायाम करणाऱ्यांना तो अधिक सुखाचा वाटला आणि नंतरही तसाच आठवला. आपल्याकडे बहुतेक क्लासमध्ये नेमकं उलट चालतं, शेवटची पाच मिनिटं जीव काढणारी.

आता फुगडीकडे येऊ. तिथे पायरी तर सर्रास ओलांडली जाते, मग आकडा का घसरत नाही? एक कारण खेळाच्या रचनेतच आहे. एक जोडी फिरते तेव्हा बाकीच्या गातात, टाळ्या वाजवतात, म्हणजे श्वास सावरतात. अर्धं मिनिट जोर आणि मग विश्रांती, ज्याला जिममध्ये 'इंटरव्हल ट्रेनिंग' म्हणून वेगळे पैसे घेतात. दुसरं कारण जास्त रंजक आहे. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांवर २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना व्यायामशाळेतल्या वल्ह्याच्या यंत्रांवर एकदा एकेकटं आणि एकदा संघाने तालात वल्हवायला लावलं. नंतर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो दुखेपर्यंत फुगवला. मेहनत तेवढीच असूनही तालात वल्हवल्यावर वेदना सोसण्याची ताकद जास्त निघाली. मेंदूतलं एंडॉर्फिन थेट मोजणं अवघड, म्हणून वेदना किती सोसते यावरून त्याचा अंदाज बांधतात. २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलामुलींना नाचायला लावून हाच माग पुढे नेला गेला. जोरात नाचण्याचा परिणाम वेगळा दिसला, एकमेकांच्या तालात नाचण्याचा वेगळा, आणि दोन्हींमुळे एकमेकांबद्दलची जवळीकही वाढली. मंगळागौरीत मेहनत आणि ताल दोन्ही आहेत. झिम्म्यावर आणि पिंग्यावर असा प्रयोग कुणी केला तर मला त्याचा निकाल वाचायला आवडेल.

अर्थात फुगडी सगळ्यांसाठी नाही. गुडघे दुखत असतील, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर उड्या आणि गिरक्या टाळाव्यात. आणि एक गोष्ट, जी बायका मैत्रिणीलाही सांगत नाहीत. बाळंतपणानंतर किंवा पाळी जाण्याच्या वयात उडी मारली, शिंक आली की लघवीचे थेंब गळतात आणि त्या धास्तीने कितीतरी जणी व्यायामच सोडतात. हा ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा अशक्तपणा आहे. ते स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम हाच त्यावरचा पहिला उपाय, आणि तो फिजिओथेरपिस्ट शिकवतात. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही.

उरला वेळ. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. ही ८८ मिनिटंही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची, सरसकट सगळ्यांची नव्हेत. अशा बाईला पहाटे पाचला उठून तासभर चालायचा सल्ला देणं म्हणजे तिच्या झोपेतून चोरी करायला सांगणं. 'दिवसभर उभीच तर असते, आणखी कसला व्यायाम' हे तिचं म्हणणंही तोडून टाकण्यासारखं नाही. ती खरोखर थकलेली असते. पण ओट्याशी तासन् तास उभं राहिल्याने पाय आणि कंबर दुखते, हृदयाला मात्र त्यातून फारसं काम मिळत नाही. ठोके वाढतच नाहीत, आणि मध्ये सलग विश्रांतीही नसते.

म्हणून गेल्या काही वर्षांतलं संशोधन तिच्या कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत 'व्यायाम सलग किमान १० मिनिटं हवा' ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम हा पल्ला कायम आहे, पण तो तुकड्या-तुकड्यांनी गाठला तरी चालतो. ब्रिटनमधल्या, मुद्दाम व्यायाम न करणाऱ्या १३ हजारांवर स्त्रियांच्या मनगटावरच्या यंत्रांची नोंद २०२४ मध्ये तपासली गेली. भराभर जिना चढणं, सामानाच्या पिशव्या घेऊन झपाझप चालणं, असे जोराचे तुकडे ज्यांच्या दिवसात सरासरी ३.४ मिनिटं होते, त्या स्त्रियांमध्ये हृदयाचे मोठे आजार ४५ टक्क्यांनी कमी आढळले. पुरुषांमध्ये इतका फरक दिसला नाही. एक सावधगिरी मात्र हवी. ही नुसती नोंद आहे. ज्यांची तब्येत मुळात बरी, त्याच भराभर जिने चढत असतील, असंही अंशतः असू शकेल. तरी त्याच वर्षी अमेरिकेतल्या ४ लाखांवर लोकांच्या माहितीतून असाच कल निघाला. आठवड्याला ३०० मिनिटांच्या व्यायामाने पुरुषांच्या मृत्यूची जोखीम जितकी घटलेली दिसली, तितकी स्त्रियांमध्ये १४० मिनिटांतच. दादर स्टेशनचा पूल एका दमात चढणाऱ्या बाईने तो हिशेबात धरावा. त्याला जोडून आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काहीतरी हवं, कारण पाळी गेल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही झपाट्याने झिजतात. खुर्चीतून हात न टेकता पंधरा वेळा उठणं हीसुद्धा चांगली सुरुवात आहे.

सुरू केलेलं टिकवायचं कसं, यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कॅटी मिल्कमन यांचे दोन प्रयोग सांगण्यासारखे आहेत. २०१४ च्या प्रयोगात काही जणांना उत्कंठावर्धक कादंबऱ्यांचं ध्वनिमुद्रण दिलं, पण ते फक्त जिममध्येच ऐकायचं. पुढे काय झालं हे कळायला पुन्हा जिममध्ये जाणं भाग! सुरुवातीला त्यांच्या फेऱ्या ५१ टक्क्यांनी जास्त झाल्या, पण मध्ये सुट्ट्या आल्या आणि परिणाम ओसरला. २०२१ चा प्रयोग प्रचंड होता, ६१ हजार जिम-सदस्य आणि ५४ युक्त्या. त्यांतली सर्वांत सरस ठरली ती खाडा झाल्यावर परत येणाऱ्याला काही सेंटचं जादा बक्षीस देण्याची. सलग येणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात, इथे परतणाऱ्याचं झालं.

आपल्याकडे खाडे ठरलेलेच. पाहुणे, परीक्षा, गणपती, दिवाळीचा फराळ, सासऱ्यांचं आजारपण. खाडा झाला की 'माझ्याच्याने काही होत नाही' म्हणत सगळं गुंडाळलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयी जडताना पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ पर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने विशेष बिघडलं नाही. '२१ दिवसांत सवय' हे ऐकून बाविसाव्या दिवशी निराश झालेल्यांनी हे वाचावं.

वजनकाट्याबद्दल माझं मत कडक आहे, काही महिने तो कपाटावर ठेवून द्यावा. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, आणि काटा हलला नाही की चांगला चाललेला व्यायाम फुकट गेल्यासारखा वाटतो. मिशिगन विद्यापीठाच्या मिशेल सीगर यांना मध्यमवयीन स्त्रियांत असंच दिसलं. वजन आणि आकारासाठी व्यायाम करणाऱ्या, बरं वाटावं म्हणून करणाऱ्यांपेक्षा कमी व्यायाम करत होत्या.

तेव्हा मैत्रीण गाठा, गाणी लावा, आवडेल ते खेळा, नाही आवडलं तर बदला. पण त्याआधी त्या २८९ मिनिटांचं काहीतरी करायला हवं, आणि ते एकट्या बाईच्या हातात नाही. हा लेख घरातल्या पुरुषांनीही वाचावा, आणि आठवड्यातून निदान चार संध्याकाळी कणीक कोण मळणार, कुकर कोण लावणार, हे आजच ठरवून टाकावं.