वाहिनीचं नाव बदललं, मालक कोण?

भांडीकुंडी आवरून आता जरा टेकला असाल. आज आपल्या घरातल्या टीव्हीविषयी बोलू या. मालिकेत काल काय झालं ते नाही. ती मालिका, ती बातमी दाखवणारी वाहिनी कोणाची, आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली की आपलं काय होतं, ते बघू.

मागच्या बैठकीत मी विचारलं, "कलर्स मराठीचं आधीचं नाव काय होतं?" चौघी एकदम म्हणाल्या, "ई टीव्ही!" मग विचारलं, "नाव का बदललं?" सगळ्या गप्प.

ई टीव्ही मराठी २००० साली सुरू झाली. ती हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाची होती. पुढे ती नेटवर्क १८ या समूहाने घेतली, आणि तो समूह रिलायन्सच्या हाती आला. मालकी बदलली, मग २०१५ मध्ये नाव बदललं.

पण प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही. अल्फा टीव्ही मराठीची २००५ मध्ये झी मराठी झाली, तेव्हा मालक तोच राहिला, फक्त पाटी बदलली. स्टार माझाची गोष्ट आणखी वेगळी. त्या वाहिनीत स्टार आणि कोलकात्याचा आनंदबाजार पत्रिका समूह, असे दोन भागीदार होते. बातम्यांच्या वाहिनीत परदेशी कंपनीला तेव्हा २६ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा ठेवता येत नव्हता. २०१२ मध्ये स्टारने आपलं नाव काढून घेतलं आणि वाहिनी एबीपी माझा झाली. एबीपी म्हणजेच आनंदबाजार पत्रिका.

आता गंमत ऐका. स्टार प्रवाहचं नाव आजही तेच आहे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचा टीव्हीचा धंदा एकत्र झाला. त्यामुळे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच कंपनीच्या, जिओस्टारच्या आहेत. रिमोटवर दोन वेगळे नंबर, पण घर एकच! म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

आपल्या गटाचा अध्यक्ष बदलला की आपण ठराव करतो, इतिवृत्तात लिहितो, बँकेत नव्या सह्या देतो. वाहिनीचा मालक बदलला की आपल्याला कोण सांगतं? कोणीच नाही.

ही झाली मोठ्या वाहिन्यांची गोष्ट. खरा चटका बसतो तो गावाजवळच्या वाहिनीचा. आमच्या तालुक्यात केबलवाल्याची एक छोटी वाहिनी होती. एक मुलगा कॅमेरा घेऊन मोटारसायकलवर यायचा. एका उन्हाळ्यात आठ दिवस टँकर आला नाही. त्याने हंडे घेऊन उभ्या बायका दाखवल्या आणि तिसऱ्या दिवशी टँकर वाडीत आला.

नंतर ते केबल दुसऱ्या कोणी घेतलं. वाहिनीला नवं चकचकीत नाव आलं. त्या मुलाला मात्र घरी बसवलं, कारण पगार परवडत नाही म्हणे. आता तिथे गाणी आणि जाहिराती चालतात. गेल्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा थांबला. पडद्यावरच्या नंबरवर आम्ही फोन केला. पलीकडून विचारलं, "जाहिरात द्यायचीय का?"

त्या दिवशी आम्ही शिकलो. वाहिनीत माणसं कमी झाली की आधी गावाची बातमी जाते. शहरातला माणूस टँकरच्या रांगेपर्यंत येत नाही.

मग आम्ही काय केलं? गटात ठराव केला. टँकर कोणत्या तारखांना आला नाही ते लिहून काढलं, मोबाइलवर फोटो घेतले, गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आणि पोच घेतली. वेळ जास्त लागला, पण टँकर आला.

तुम्हीही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २०१९ पासून ज्या पैशाच्या वाहिन्या निवडाल, त्यांचेच पैसे देण्याचा नियम आहे. केबलवाल्याकडे निवडीची यादी मागा, नको त्या काढून टाका. दुसरं, कार्यक्रमात बाईची बदनामी होईल किंवा जातीधर्माचा अपमान होईल असं काही दाखवलं, तर वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार पोचल्याचं चोवीस तासांत कळवणं आणि पंधरा दिवसांत निर्णय देणं वाहिनीवर बंधनकारक आहे.

पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं काढा. घरात रोज लागणाऱ्या तीन वाहिन्यांची नावं लिहा, समोर मालक कोण ते लिहा. माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवा आणि शाळेत जाणाऱ्या लेकीला शोधायला सांगा. पाणी, रेशन, रस्ता यांची बातमी त्यातली कोणती वाहिनी दाखवते, तेही विचारा. एकही दाखवत नसेल, तर आपलं इतिवृत्त आणि आपला अर्ज हीच आपली बातमी समजा. पोच घ्यायला मात्र विसरू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.