साचा चुकला की सगळंच चुकतं!



आपला बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास वर्गातली कितीतरी मुलं आईवडिलांबरोबर कारखान्याकडे निघतात. एका वर्षी तिकडच्या शिक्षकांसाठी मी कॉम्प्युटरवर चिठ्ठीचा साचा केला : 'विद्यार्थ्याचे नाव ....., इयत्ता तिसरी.' नावांची यादी दिली, बटण दाबलं, चिठ्ठ्या तयार! पण आमची तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. इयत्तेची जागा मी मोकळी ठेवलीच नव्हती. चौथीतली एक मुलगी तिकडे महिनाभर तिसरीत बसली. परत आल्यावर म्हणाली, "बाई, चिठ्ठीत तसंच लिव्हलं व्हतं की!" चूक एक, पण प्रत्येक चौथीवाल्याच्या चिठ्ठीत उतरलेली.

कॉम्प्युटरच्या जगातही असे साचे असतात. त्यांना म्हणतात 'मॅक्रो'. फरक इतकाच, की त्यातून चिठ्ठी नाही, चक्क नवा प्रोग्राम तयार होतो!

१९५८ साली अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी 'लिस्प' ही भाषा तयार करायला घेतली. तिच्यात बरीचशी कामं 'फंक्शन' करतात. फंक्शन म्हणजे पिठाची गिरणी. गहू टाका, पीठ घ्या. लिस्पची गंमत अशी, की तिचा प्रोग्राम म्हणजेच कंसात लिहिलेली यादी. मग यादीवरून नवी यादी, म्हणजे नवा प्रोग्राम का करू नये? १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रो आणले.

समजा, भाषेला फक्त 'जर' कळतं. आपल्याला 'नसेल' हा शब्द हवाय. आपण लिहितो :

(नसेल पाऊस (मैदानात खेळ))

मॅक्रो त्याचं करून देतो :

(जर (नाही पाऊस) (मैदानात खेळ))

हे साध्या फंक्शनला का जमत नाही? कारण ते हाती आलेलं सगळं आधी करून टाकतं. म्हणजे खेळ आधी, पावसाची चौकशी नंतर! मॅक्रो मात्र आधी नुसतं लिहून देतो, प्रोग्राम मागाहून चालतो. पुढे लिस्पमध्ये साच्यासाठी खुणाही आल्या. उलट्या अवतरणचिन्हापुढचं जसंच्या तसं राहतं, स्वल्पविराम असेल तिथे मोकळी जागा भरली जाते.

आपल्या पुण्यातही टाटांच्या १९८१ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्रात आराखड्यावरून प्रोग्राम लिहून देणारी साधनं तयार झाली. ते मॅक्रो नव्हेत, पण त्याच कल्पनेची भावंडं.

लिस्पमध्ये मॅक्रोने काय लिहून दिलंय, ते प्रोग्राम चालवण्याआधी वाचून पाहायची सोय असते. मीही आता आधी एकच चिठ्ठी छापते. मुलं ती मोठ्यानं वाचतात. मगच बाकीच्या!

करून पाहा : '१७ × □ = □' हा सतराच्या पाढ्याचा साचा. आता कोणत्याही पाढ्याचा साचा तयार करणारा साचा लिहा. कोणती जागा मोकळी कराल? आईबाबांनाही विचारा बरं!