दाव्याच्या अर्जात नसलेला रकाना

नागपूरच्या उत्तर भागात, मराठ्यांच्या जुन्या निशाणाचे नाव धारण करणारी जरीपटका ही वस्ती आहे. १९४७ च्या फाळणीनंतर, आणि विशेषतः ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत उसळलेल्या दंगलीनंतर, कुणी आगबोटीने तर कुणी आगगाडीने जे सिंधी हिंदू भारतात आले, त्यांच्यापैकी अनेक कुटुंबांनी येथे संसार नव्याने मांडला. तिकडे राहिलेल्या घरा-जमिनींची कैफियत दस्तऐवजांनिशी दाखल करावी, तपासणीअंती दावा मंजूर व्हावा, यासाठी सरकारने १९५० साली कायदा केला. १९५४ च्या कायद्याने भरपाईचीही तजवीज झाली. परंतु मध्यरात्री दचकून उठणाऱ्या मनाच्या नुकसानीस त्या अर्जात रकाना नव्हता.

अशा मनासाठी समूहोपचाराची जी पद्धती पुढे रूढ झाली, तिच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, एस. एच. फोक्स, हे स्वतःच १९३३ साली जर्मनी सोडून इंग्लंडच्या आश्रयास आलेले डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्थफील्डच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी मनाने खचलेल्या सैनिकांना एकत्र बसवून उपचार केले.

अशा बैठकीत आठ-दहा माणसे वर्तुळाकार बसतात; दिवस, वेळ आणि जागा ठरलेली असते, प्रशिक्षित मार्गदर्शक सोबत असतो, आणि येथे बोललेले बाहेर न्यायचे नाही, हा करार पहिल्याच दिवशी होतो. आरंभी कोणालाही आपली कहाणी सांगावयास लावीत नाहीत; श्वास संथ करणे, झोप सावरणे, छाती का धडधडते हे समजून घेणे, यांतच पहिल्या काही बैठका जातात, कारण मन सावरण्यापूर्वी जखम उकरली तर ती अधिकच चिघळते. मग एखाद्या दिवशी कोणी गृहस्थ खाली मान घालून सांगतो, की दाराची कडी वाजली तरी अजून आपले हातपाय गार पडतात, आपल्याला वेड तर लागले नाही ना. आणि समोरची बाई पदर सावरीत एवढेच म्हणते, ‘माझेही तसेच होते.’ वैद्याच्या आश्वासनाने जे साधत नाही, ते समदुःखी माणसाच्या या तीन शब्दांनी साधते. सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा जनांत मिसळणे, असे या वाटचालीचे तीन टप्पे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहेत.

सत्संग आणि झूलेलालाची उपासना यांनी सिंधी समाजास एकत्र बांधून ठेवले, हे खरेच. तथापि भजनात दुःख हलके झाले, तरी ज्या आठवणीची लाज वाटते ती तेथे उच्चारता येत नाही. ती उच्चारावयास निराळे, विश्वासाचे वर्तुळ लागते.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकावयास बसणारे तिबेटी निर्वासित आपण पाहतो. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ त्यांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. म्हणून माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे विस्थापितांची छावणी जेथे उभी राहील, तेथे शिधा, तंबू आणि औषधे यांच्या यादीत एक सतरंजी, आठवड्यातील एक ठरलेली वेळ आणि ऐकण्याचे शिक्षण घेतलेला एक माणूस, यांचीही तरतूद शासनाने करावी.