आधी ऊब, मग पाला

सकाळी 6:30. डिसेंबरात पुण्याच्या वेशीबाहेर पारा दहा-बारावर येतो. शेजारी पोपटांचा गलका सुरू, पण इग्वाना फांदीला बिलगून निपचित. त्याच्याकडे बघण्याआधी मी थर्मामीटर बघते. बिनउजेडाचा सिरॅमिक हीटर रात्रभर चालू असतो. 24 अंश दिसले की जीव भांड्यात पडतो.

7:00. दोन दिवे लागतात: एक तापणारा, दुसरी यूव्हीबी या अतिनील किरणांची नळी. हा मध्य-दक्षिण अमेरिकेतला, झाडाच्या शेंड्यावर ऊन खाणारा प्राणी. आधीच्या घरी लाड भरपूर झाले. काचेची पेटी, खिडकीतलं ऊन, रोज पालक, वर उकडलेलं अंडं. पण काच यूव्हीबी अडवते. तो अंगावर पडला नाही तर त्वचेत ड3 जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. पालकातलं ऑक्झलेट त्यातलंही थोडं बांधून ठेवतं. आला तेव्हा जबडा दाबला की रबरासारखा दबायचा, बोटं थरथरायची. त्या घराला दोष देववत नाही. दुकानात सांगितलं तेच त्यांनी केलं.

9:30. अंग तापल्यावरच खाणं. पाला आतड्यात आंबून पचतो, त्याला ऊब लागते. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं, किसलेला लाल भोपळा, वर चिमूटभर कॅल्शियमची पूड.

"अहो ताई, एवढं मोठं जनावर आणि नुसता पाला?" मावशींना अजून पटलेलं नाही.

11:00. सुतारकाका नवा पिंजरा करताहेत. लांबी कमी चालेल, उंची हवी. पेरूच्या जाड फांद्या तिरक्या बसवल्यात. सगळ्यात वरची मुद्दाम ठेवलेली नाही, हाडं कच्ची असताना पडला तर पाय मोडेल. तापणाऱ्या दिव्याभोवती जाळी, नाहीतर हा त्यालाच चिकटून भाजून घेईल. जुनी नळी मी काढली तर काका म्हणाले, "चालू आहे की!" उजेड चालूच राहतो, पण सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी ओसरतो. नव्या नळीवर तारीख लिहून ठेवली.

दुपारी काही नाही. तो 35 अंशांत पसरलाय. पाहुण्यांना कंटाळवाणं वाटतं, मला नाही.

4:00. डॉक्टर जबडा चाचपतात, वजन घेतात, कॅल्शियमचं औषध देतात. मग कोमट पाण्याची आंघोळ. पोटही तो बहुधा तिथेच साफ करतो. साल्मोनेलाची भीती असते, म्हणून नंतर साबणाने हात धुणं आलंच. शिंकेतून पांढरं उडतं ती सर्दी नव्हे, अंगातलं जास्तीचं मीठ.

5:30. कागदपत्रं. 2022च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले, नोंदणी लागते. इथल्या रानात त्याला सोडता येत नाही. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगेल, तेवढा खर्च धरावा लागतो.

7:30. फोन. "आमच्याकडे इग्वाना आहे, मोठा झालाय. घ्याल का?"

"दिवा कुठला लावता?"

"ट्यूबलाइट आहे ना, घरातलीच."

उद्या सकाळी घेऊन या म्हटलं, आणि तोवर पालक बंद.