पहाटेच्या धुनेतलं बोहेमिया

खडवलीच्या पुलाखाली भातसेवर धुकं असतं, कसाऱ्याहून आलेली लोकल फलाट सोडून टिटवाळ्याकडे निघते आणि एखाद्या घरात जुना रेडिओ खरखरतो. आधी ती धून. तानपुऱ्याच्या झंकारावर हळूच चढणारं व्हायोलिन. आजोबांचं ते घड्याळच होतं. धून वाजली की बंबात लाकडं सारायची. ती कुणी रचली, असा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नाही. कोंबड्याचं आरवणं कुणी रचलं, असं विचारतं का कोणी?

आकाशवाणीच्या या शिवरंजनी वळणाच्या धुनेचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. १९०७ साली बोहेमियातल्या कार्ल्सबादला जन्मलेला हा ज्यू संगीतकार बर्लिन आणि प्रागमध्ये शिकला. नाझींची चाहूल लागताच १९३४ मध्ये तो मुंबईला आला. इथलं संगीत कानावर पडलं तेव्हा काही म्हणता काही कळेना. पण लाखो लोक ज्यावर जीव टाकतात त्यात काहीतरी असणारच, असं मानून गडी शिकायलाच बसला! मेहली मेहतांना, म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांना, सोबत घेऊन त्याने मुंबईत पाश्चात्त्य संगीताच्या मैफली सुरू केल्या. धुनेतलं व्हायोलिनही मेहलींचंच, असं सांगतात. कॉफमनची बायको गेर्टी ही लेखक फ्रान्झ काफ्काची सख्खी भाची. काफ्काच्या घरातली मुलगी मुंबईची सून झाली, हे कळलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं.

आता त्याच्यामागे युरोपात काय उरलं ते पाहा. त्या काळचं बर्लिन म्हणजे कॅबरे, जाझ, रात्रभर जागणारी नाट्यगृहं. गाणी लिहिणारे, वाजवणारे आणि गाणारे यांत ज्यू कलावंत मोठ्या संख्येने होते. नट कुर्ट गेरॉन १९२८ मध्ये ब्रेख्त-वाइल यांच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’तून गाजला. सहा जणांचा ‘कॉमेडियन हार्मनिस्ट्स’ हा गायकसंच घराघरांत पोहोचला होता. त्यातल्या ज्यू गायकांमुळे १९३५ मध्ये तो मोडावा लागला.

निसटू न शकलेल्या अनेक ज्यू कलावंतांना नाझींनी छळछावण्यांत कोंडलं. त्यांतली तेरेझीन कार्ल्सबादपासून सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर, खडवलीहून नाशिक असावं तेवढीच लांब. तिथे कैद्यांचा जाझ वाद्यवृंद होता, नाव ‘घेटो स्विंगर्स’. उपासमारीत हे लोक स्विंग वाजवत. ती हौस होती, की जगण्याची धडपड? मला वाटतं, दोन्ही. जगाला भुलवण्यासाठी नाझींनी १९४४ मध्ये तेरेझीनवर चित्रपट काढायला लावला, दिग्दर्शनाला गेरॉनच. चित्रीकरण आटोपलं आणि त्याला ऑश्विट्झच्या गाडीत घातलं. क्लॅरिनेट वाजवणारा फ्रिट्झ वाइसही तिथेच मारला गेला. गिटारवाला कोको शुमान वाचला आणि २०१८ पर्यंत जगला.

काफ्काच्या तिन्ही बहिणी या संहारात गेल्या. थोरली एली म्हणजे गेर्टीची आई.

कॉफमन १९४६ मध्ये भारत सोडून गेला, पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. १९६८ मध्ये त्याचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ आला. बर्लिनच्या त्या रात्रींच्या काही तबकड्या उरल्या, छावणीतल्या चित्रपटाचे काही तुकडे उरले.

आजोबांचा रेडिओ आता माझ्याकडे असतो. पावणेसहाला लावून ठेवतो. आधी खरखर, मग तानपुरा.