डोळा म्हणतो जवळ, जमीन म्हणते लांब

गोल्फचं मैदान म्हणजे नुसती हिरवीगार मोकळी जागा, असं आपल्याला बाहेरून वाटतं. पण त्यातला एकेक उंचवटा, वाळूचा एकेक खड्डा म्हणजे बंकर, कोणीतरी विचारपूर्वक तिथे ठेवलेला असतो. तो चेंडू तर अडवतोच, पण त्याआधी खेळाडूच्या नजरेला काहीतरी सांगतो. ते काय, हे आज आपण पाहू.

या कामातलं एक मोठं नाव म्हणजे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी. पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात ते ब्रिटिश सैन्याबरोबर दक्षिण आफ्रिकेत होते. जमिनीचा आडोसा घेऊन बोअर सैनिक दिसेनासे कसे होतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. पुढे हीच नजर त्यांनी मैदानांच्या आखणीत वापरली. मास्टर्स स्पर्धा जिथे होते ते अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल त्यांनी बॉबी जोन्स यांच्यासोबत आखलं.

आता पहिली युक्ती घेऊ. ग्रीनच्या बऱ्याच अलीकडे एक बंकर खणायचा आणि त्याची पुढची कड जरा उंच ठेवायची. समोरून पाहताना त्या कडेमागची जमीन झाकली जाते. जी जमीन दिसत नाही, ती डोळा मोजत नाही. त्यामुळे बंकर ग्रीनला चिकटल्यासारखा दिसतो आणि झेंडा जवळ वाटतो. खेळाडू हलक्या हाताने मारतो आणि चेंडू कमी पडतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, इथे तर दूरचं दूर आहे हेच कळत नाही!

दुसरी युक्ती भीतीची. फ्लोरिडातल्या टीपीसी सॉग्रास इथे पीट डाय यांनी आखलेल्या 17 व्या होलचं ग्रीन जवळजवळ चहूबाजूंनी पाण्यात आहे. अंतर साधारण 137 यार्ड, म्हणजे व्यावसायिक खेळाडूला अगदी रोजचा फटका. तेवढंच ग्रीन गवतात असतं तर त्याची एवढी चर्चा झाली नसती. पण पाणी दिसलं की लक्ष झेंड्यावरून पाण्यावर जातं, पकड आवळते, फटका अर्धवट राहतो. लपवलेलं इथे काहीच नाही. सगळं दिसतं, हीच अडचण.

तिसरी युक्ती कोनाची. ऑगस्टाचं 12 वं होल फक्त 155 यार्डांचं. पुढे ओढा, पलीकडे रुंद पण उथळ ग्रीन. ते तिरकं बसवलंय, डावी बाजू जवळ, उजवी लांब. उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका उजवीकडे सरकला तर तो सहसा कमीही पडतो, आणि तिथे नेमकं जास्त अंतर लागतं. शेवटच्या दिवशी झेंडा बहुधा उजवीकडेच असतो. 2016 साली जॉर्डन स्पीथ शेवटचे नऊ होल सुरू करताना पाच फटक्यांनी पुढे होता. 12 व्या होलवर त्याचा चेंडू उजवीकडे कमी पडून ओढ्यात गेला, पुढचाही पाण्यातच गेला. तीन फटक्यांच्या होलला त्याला सात लागले. विजेतेपद डॅनी विलेट यांना मिळालं.

मग ही फसवणूकच म्हणायची का? आपल्याला तसं वाटत नाही. खोटं इथे कोणी बोलत नाही, अंतर तर कार्डावर छापलेलं असतं. आखणारा फक्त एवढंच विचारतो, की तुम्ही डोळ्यांवर विश्वास ठेवणार की मोजमापावर?

म्हणून खेळणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. आधी अंतर मोजायचं, मग झेंडा न पाहता चेंडू कुठे पडायला हवा ती जागा ठरवायची, आणि मगच काठी निवडायची. ग्रीनवर पोचलात की एकदा मागे वळून पाहा. मघाशी झाकलेली जमीन तिथून उघडी दिसते. दिसतं तसं नसतं, हे आपण नेहमी म्हणतो. ते कसं घडवलं जातं, हे तिथे उभं राहून कळतं.