सगळी समीकरणं सुटत नाहीत

इंजिनीअरिंगच्या मुलांना विचारा, एम-टू, एम-थ्रीमधली डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणजे काय. उत्तर ठरलेलं: आधी प्रकार ओळखायचा, एक्झॅक्ट की लिनिअर की बर्नूली, मग इंटिग्रेटिंग फॅक्टर काढून मोकळं व्हायचं. पेपर सुटतोही. पण त्यातून एक समजूत घट्ट बसते, की प्रत्येक समीकरणाला सूत्ररूप उत्तर असतंच, आपल्याला ते काढता येत नाही एवढंच.

पुस्तकातली उदाहरणं सुटतात, कारण सुटणारीच निवडलेली असतात. ‘य’च्या बदलाचा दर बरोबर क्ष वर्ग अधिक य वर्ग, हे साधं दिसणारं समीकरण घ्या. घातांक, लॉगॅरिदम, साइन, कोसाइन कसेही जोडा, गुणा, संकलन करा. त्याचं उत्तर लिहिता येत नाही. या जातीच्या समीकरणांचा हा निकाल लिऊव्हिलने १८४१ मध्येच लावून ठेवला आहे. तरीही उत्तराबद्दल बरंच कळतं. उजवी बाजू कधीच ऋण होत नाही, म्हणजे वक्र कुठेही खाली उतरणार नाही. आलेखाच्या कागदावर ठिकठिकाणी तिथल्या चढाची बारीक रेघ मारत गेलं की वक्राची वाट डोळ्यांना दिसू लागते. एमआयटीच्या १८.०३ या अभ्यासक्रमात आर्थर मॅटक यांनी दिलेली २००३ ची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांचा पहिलाच तास या रेघांवर आहे. एमआयटीतच शिकवणारे जान-कार्लो रोटा १९९७ मध्ये एका भाषणात याहून तिखट बोलले होते: एक्झॅक्ट समीकरणं आणि त्यांचे इंटिग्रेटिंग फॅक्टर अभ्यासक्रमातून काढूनच टाका. आपल्याकडे ते काढले तर प्रश्नपत्रिकेत उरेल काय, हा प्रश्न वेगळा.

दुसरा गैरसमज तर फिल्मसकट पसरतो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातला टकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० ला खुला झाला आणि ७ नोव्हेंबरला कोसळला. रस्ता ओल्या कपड्यासारखा पिळवटतोय, हे दृश्य वर्गात दाखवून सांगतात, हा रेझोनन्स! वाऱ्याच्या झोतांची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, उजव्या बाजूला साइन आला, पीआयमध्ये (पर्टिक्युलर इंटिग्रलमध्ये) ‘टी’ गुणिले कोसाइन आला, पूल गेला.

बिल्लाह आणि स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये पाठ्यपुस्तकांची ही चूक दाखवून दिली. त्या सकाळी वारा ताशी सुमारे ६७ किलोमीटर होता. त्या वेगाला पुलामागे भोवरे साधारण सेकंदाला एक या गतीने सुटतात. पूल मात्र पाच सेकंदांत एकदा पिळत होता. जुळण्याचा प्रश्नच नव्हता. घडलं ते असं की पूल थोडा वळला की त्या वळण्यामुळेच वाऱ्याचा जोर बदलायचा आणि पुलाला आणखी वळवायचा. म्हणजे हे बल बाहेरून ठरून आलेलं नाही, ते पुलाच्या हालचालीवरच अवलंबून आहे. समीकरणात त्याची जागा डावीकडे. तिथे ते डॅम्पिंगच्या पदाला खाऊन टाकतं, त्याचं चिन्ह ऋण होतं आणि आंदोलनं विरण्याऐवजी घातांकी वेगाने फुगतात. परीक्षेच्या भाषेत, पूल पीआयने पडला नाही, सीएफने (कॉम्प्लिमेंटरी फंक्शनने) पाडला.

समीकरण सरळ असलं की उत्तरही कायम सरळ वागतं, हेही खरं नाही. ‘य’च्या बदलाचा दर य वर्ग धरा, शून्यापाशी य एक घ्या, क्ष एकपर्यंत पोहोचेस्तोवर उत्तर अनंताला जातं. समीकरणात मात्र त्याची चाहूलही नाही.

राहिला कॉम्प्युटर. आकडेमोडीने काढलेलं उत्तर म्हणजे अंदाज आणि सूत्र म्हणजे अचूक, असं धरून चालणारे प्राध्यापकही भेटतात. ऑयलरने आपली पायरी-पायरीची रीत १७६८ मध्ये छापली. रुंगे (१८९५) आणि कुट्टा (१९०१) यांनी ती शैली इतकी सुधारली की हवे तितके दशांश मिळवता येतात. उलट लंबकाचं पाठ केलेलं सूत्र साइन थीटाच्या जागी नुसता थीटा ठेवून आलेलं असतं. एक मीटरचा लंबक ताठ दांडीवर ९० अंशांपर्यंत नेऊन सोडा. सूत्र म्हणेल, एक फेरी दोन सेकंदांची. लंबक घेईल सुमारे २.३७.